बार्शी लाईटचे पाडलेले स्थानक १:८७ प्रमाणात उभे करायचे आहे : मापे आणि साहित्य यांबद्दल सल्ला हवा

बार्शी_लाईट

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात होटगी रस्त्यावर राहतो. गेल्या दिवाळीत घर आवरताना आजोबांचा एक कृष्णधवल फोटो सापडला. कुर्डुवाडी ते लातूर या बार्शी लाईट नावाच्या अरुंद रेल्वेमार्गावरील एका लहान स्थानकासमोर ते गणवेशात उभे आहेत आणि त्यांच्यामागे स्थानकाची इमारत जवळजवळ पूर्ण दिसते : दगडी भिंती, दोन दारे, तीन खिडक्या, पन्हळी पत्र्याचे उतरते छप्पर आणि बाजूला मालधक्क्याची छोटी खोली. या शतकाच्या पहिल्या दशकात मार्गाचे रुंदीकरण झाले तेव्हा ही इमारत पाडली गेली. आता त्या जागी एक जोतेसुद्धा उरलेले नाही.

माझ्याकडे सहा फूट बाय तीन फुटांचे एक टेबल आहे. त्यावर हे स्थानक, एक पाण्याची टाकी आणि मागच्या बाजूला सोलापूरची खूण म्हणून विणकामाची एक शेड, असा छोटासा देखावा उभारण्याचा विचार आहे. तयार प्लास्टिकचे संच जर्मन किंवा इंग्रजी खेड्यांचे मिळतात आणि त्यांतले एकही घर आपल्याकडचे वाटत नाही, त्यामुळे सगळे कोऱ्या पुठ्ठ्यापासूनच करावे लागणार. प्रश्न दोन आहेत. पहिला म्हणजे सनबोर्ड, पुठ्ठा की एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी)? दुसरा जास्त अवघड आहे : ज्या इमारतीचा नकाशा नाही आणि जी आज उभीही नाही, तिची मापे एका फोटोवरून काढायची कशी?

कडक_भाकरी

बार्शी लाईट प्रत्यक्षात कुर्डुवाडीहून लातूरला पोहोचायला १८९७ ते १९११ अशी चौदा वर्षे लागली. तुम्ही टेबलावर त्याच वेगाने निघालात तर आमच्या शुभेच्छा आहेत.

सातरस्ता

मापांकडे जाण्यापूर्वी रुळांचा विचार करा, कारण तुमचे नशीब इथे फार चांगले आहे. बार्शी लाईटचा मार्ग अडीच फुटांचा, म्हणजे ७६२ मिमीचा होता. त्याला ८७ ने भागले की ८.७६ मिमी येतात आणि बाजारात ‘एन’ या आणखी लहान प्रमाणासाठी मिळणारा तयार रूळ ९ मिमीचा असतो. पाव मिलिमीटरचा फरक कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. फक्त त्या रुळांचे स्लीपर फार बारीक आणि फार जवळजवळ असतात, तेवढे काही ठिकाणी कापून टाका आणि उरलेले मातीत गाडा.

याउलट आमच्यासारखे जे मोठ्या मार्गाचे सोलापूर स्थानक करू पाहतात त्यांचे हाल पाहा. ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे १:८७ ला १९.३ मिमी हवा. पण एचओचा, म्हणजे या १:८७ प्रमाणाचा तयार रूळ १६.५ मिमी मिळतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी मार्गासाठी बनलेला आहे. साडेपाच फूट उंचीचा माणूस खऱ्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमध्ये आडवा बरोबर मावतो, माझ्या टेबलावर मात्र त्याला पाय दुमडावे लागतात.

गुण्या_ओळंबा

मी एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात प्रतिकृती बनवतो, त्यामुळे साहित्याबद्दल थोडे अधिकाराने लिहितो. दगडी भिंत असेल तर सनबोर्डच घ्या. पाच मिलिमीटरचा सनबोर्ड म्हणजे प्रत्यक्षातील सुमारे सतरा इंच, आणि जुन्या दगडी भिंती दीड फुटाच्या आसपास असत. म्हणजे खिडकीच्या बाजूला भिंतीची जी जाडी दिसायला हवी ती आपोआप मिळते. नवशिक्याची प्रतिकृती खोटी वाटते ती बहुधा याच ठिकाणी : भिंतीला बाहेरून दगड सुंदर काढलेले असतात आणि खिडकी मात्र पोस्टकार्डाला भोक पाडल्यासारखी दिसते.

दगड काढण्यासाठी बोथट सुई किंवा रिकामे बॉलपेन वापरा आणि सनबोर्डच्या अंगावर सांधे दाबून काढा. पट्टी लावू नका. घडीव दगडाचे थर आडवे सरळ असतात, पण प्रत्येक दगडाची लांबी वेगळी असते, आणि उभा सांधा खालच्या थरातील सांध्यावर येऊ द्यायचा नसतो. गवंडी जो नियम पाळतो तो आपणही पाळायचा. कोपऱ्यावर दोन्ही बाजूंचे थर जुळले पाहिजेत. ते जुळले नाहीत तर पाहणाऱ्याला काय चुकले ते सांगता येणार नाही, पण काहीतरी चुकले आहे हे नक्की कळेल.

काळी_माती

सनबोर्डपासून सावध राहा. मी एकदा मालधक्क्याची भिंत फेविक्विकने चिकटवली आणि पाच मिनिटांत कडा आतून विरघळून पोकळ झाल्या.

गुण्या_ओळंबा

@काळी_माती, तुम्ही वापरलात तो सनबोर्ड नसून फोमबोर्ड असावा. दोन कागदांच्या मध्ये थर्मोकोलच्या जातीचा फेस असतो तो फोमबोर्ड, आणि त्याला फेविक्विक खाऊन टाकते. सनबोर्ड हा पीव्हीसीचा सलग पत्रा असतो. त्याला फेविक्विक चालते, उलट फेविकॉल नीट धरत नाही. स्टेशनरीच्या दुकानांत दोन्ही एकाच नावाने विकले जातात, म्हणून आधी तुकड्यावर थेंब टाकून पाहावे.

मागवाला

मी पूर्व भागात राहतो. आमच्या घरात तीन पिढ्या माग चालले, म्हणून एक फुकटचा सल्ला देतो. जकार्ड म्हणजे मागावरचे नक्षी विणणारे यंत्र; त्याचा इलेक्ट्रॉनिक प्रकार आल्यापासून जुन्या जकार्डच्या पुठ्ठ्यांचे गठ्ठे कारखान्यांच्या माळ्यावर धूळ खात पडलेले आहेत. चादरीवरच्या नक्षीसाठी भोके पाडलेले हे पुठ्ठे अतिशय टणक असतात, कारण ते मागावर दिवसभर फिरायचे. ज्या पुठ्ठ्यांवर भोके कमी आहेत त्यांच्या पट्ट्या कापून दाराच्या चौकटी, छपराखालचे वासे आणि फलाटाच्या कडा करा. कटरने कापल्यावर त्यांची कड बाजारातल्या साध्या पुठ्ठ्यासारखी फिसकटत नाही.

दुसरे म्हणजे जुनी फणी. विणकामाच्या फणीतील पोलादी तारा चपट्या, सरळ आणि एकसारख्या असतात. खिडकीचे गज पाऊण इंचाहून बारीक असतात, म्हणजे या प्रमाणात ०.२२ मिमीच्या आत. इतकी बारीक आणि तरीही न वाकणारी वस्तू दुकानात शोधत बसण्यापेक्षा भंगारातली एक फणी आणा, आयुष्यभर पुरेल. तारा कापताना डोळ्यांवर चष्मा मात्र ठेवा, तुकडा गोळीसारखा उडतो.

लेसरबुवा

हे सगळे वाचून मौज वाटली, पण २०० दगड हाताने कोरण्याचा अट्टहास का, हे कळत नाही. संगणकावर भिंतीचे रेखाचित्र करा, लेसर कटिंगवाल्याकडे द्या, दीड मिलिमीटरच्या एमडीएफवर दगडांसकट सगळे कोरून अर्ध्या तासात हातात येईल. माझ्या देखाव्यातील सगळ्या इमारती अशाच आहेत.

कडक_भाकरी

बुवा, तुमच्या देखाव्यातील इमारती आम्ही पाहिल्या आहेत. सगळ्या भिंतींवर तोच एक दगड त्याच जागी तुटलेला आहे.

लेसरबुवा

@कडक_भाकरी, तो दोष यंत्राचा नसून माझ्या आळसाचा आहे, हे मान्य. तरीही खिडक्यांच्या चौकटी आणि कठडे यांसाठी लेसरला पर्याय नाही, असे माझे मत कायम आहे. किरण सुमारे ०.२ मिमी इतके साहित्य जाळून टाकतो, म्हणून खाचेत बसणारे भाग रेखाटताना तेवढी भर घालावी लागते. ती घातली नाही तर सांधे ढिले पडतात.

गुण्या_ओळंबा

मीही चौकटींसाठी लेसर वापरतो, त्यामुळे बुवांशी माझे भांडण नाही. पण एमडीएफची जळलेली काळी कड दाराच्या फळीला चालते, दगडी भिंतीच्या कोपऱ्याला चालत नाही. आणि रेखाचित्र स्वतः केलेले असेल तर ती कोऱ्यापासूनच केलेली इमारत आहे, कापले कोणी याला माझ्या दृष्टीने महत्त्व नाही. महत्त्व याला आहे की मूळ इमारत कोणी नीट पाहिली.

सातरस्ता

या वादात एक गोष्ट राहिली, ती म्हणजे आपल्या गावचा उन्हाळा. मी मे महिन्यात पुठ्ठ्याच्या भिंती केल्या, एका बाजूने रंगवल्या आणि दुपारी गच्चीवर वाळत ठेवल्या. संध्याकाळी त्यांच्या पन्हाळी झाल्या होत्या. पुठ्ठा आणि एमडीएफ दोन्ही बाजूंनी सारखेच रंगवावेत, निदान आतून पातळ वॉर्निशचा एक हात द्यावा, म्हणजे ओलावा दोन्हीकडून सारखा शोषला जातो. शिवाय आत, जिथे कोणाला दिसणार नाही तिथे, आडव्या भिंती घालाव्यात. चार इंचांहून लांब भिंत आधाराशिवाय ठेवली तर जूनमध्ये हवा बदलली की ती पोट काढते.

काळी_माती

माझा विषय जमीन हा आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो, पण इमारत जमिनीवरच उभी राहणार असल्याने ते क्षम्य मानावे. आपल्या भागातील माती वापरायची असेल तर आधी चहाच्या गाळणीतून आणि नंतर मलमलीच्या कापडातून चाळा. खरी माती १:८७ ला ढेकळांसारखी दिसते, चाळलेली तेवढी चालते. त्यानंतर कागदाखाली लोहचुंबक धरून माती त्यावर फिरवा. आपली जमीन काळ्या खडकापासून झालेली असल्यामुळे तिच्यात लोहखनिजाचे चुंबकाला चिकटणारे बारीक कण भरपूर असतात, आणि ते इंजिनाच्या मोटरीतील चुंबकाला जाऊन चिकटतात. माझे एक इंजिन याच कारणाने बंद पडले आणि दुरुस्तीला नेल्यावर आतून चमचाभर काळी रेती निघाली.

माती बसवण्यासाठी फेविकॉल पाण्यात निम्म्याने पातळ करा आणि भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब टाका, नाहीतर पाणी मातीवर मोत्यासारखे उभे राहते. सुकल्यावर भेगा पडल्या तर बुजवू नका, कारण सोलापूरच्या शिवारात एप्रिलमध्ये तशाच दिसतात.

दगडांच्या रंगाबद्दलही एक विनंती : काळा दगड म्हणून काळा रंग मारू नका. त्यावर वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते आणि दुरून पाहताना रंग फिकट होतो, म्हणून करडा, त्यात थोडा तपकिरी आणि वर पांढुरकी पुसट पूड एवढेच ठेवा.

मागवाला

विणकामाच्या शेडबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून मीच विचारतो. तुम्ही करवतीच्या दातांसारखे छप्पर करणार आहात का? तसे असेल तर दाताची उभी बाजू काचेची आणि उतरती बाजू पत्र्याची असते. ती काच उत्तरेकडे ठेवायची, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा आणि थंड असतो, त्यामुळे सूत वाळत नाही आणि कापडावर कडक ऊन पडत नाही. गिरण्यांच्या शेड अशाच असायच्या.

सातरस्ता

@मागवाला, बरोबर. मात्र हा नियम थंड देशांतून आलेला आहे. सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचे ऊन उत्तरेकडूनच पडते. म्हणजे वर्षातील अडीच महिने त्या काचांमधून थोडे ऊन आत येणारच. जुन्या शेडच्या काचांना चुना किंवा निळा रंग फासलेला दिसला तर मला त्याचे आश्चर्य वाटणार नाही. प्रतिकृतीत ओएचपी शीटच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) काचांना आतून अंगठ्याने फिकट निळा रंग थोपटा, फार खरे दिसते आणि आत माग बसवण्याचे कष्टही वाचतात.

बार्शी_लाईट

सर्वांचे मनापासून आभार. सनबोर्डच्या भिंती आणि जकार्डच्या पुठ्ठ्याची दारे, हे निश्चित केले आहे. मापांबद्दल कोणीच काही लिहिले नाही, म्हणून मी स्वतः एक युक्ती केली. बारीक भिंगातून फोटोतील छपराच्या पन्हळी मोजल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९६ भरल्या. पन्हळी पत्र्याची एक पन्हळ तीन इंचांची असते हे मला ठाऊक होते, म्हणून छप्पर २४ फूट लांब, अर्थात या प्रमाणात ८४ मिमी. त्यावरून मी कच्च्या पुठ्ठ्याची इमारत उभी केली.

ती शेजारच्या टपरीएवढी झाली आहे. फोटोतील प्रमाणाने दाराची उंची पावणेचार फुटांच्या आत येते आणि त्याच हिशेबाने माझे आजोबा दोन फूट अकरा इंच ठरतात. घरात कोणालाही हे मान्य नाही.

कडक_भाकरी

तरीच अरुंद मार्गावर नेमणूक झाली होती.

सिग्नल_मामा

मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे आणि नोकरीची काही वर्षे कुर्डुवाडीत काढली आहेत. सहसा इथे फक्त वाचतो, पण हा गोंधळ पाहून लिहावेसे वाटले. तुमची युक्ती उत्तम आहे, चूक फक्त एका अंकाची आहे. इमारत तिरकी दिसत असली तरी पन्हळी मोजण्यात फसगत होत नाही, कारण लांबची पन्हळ फोटोत बारीक दिसली तरी प्रत्यक्षात तेवढ्याच रुंदीची असते. पत्रे एकमेकांवर चढवलेले असले तरीही फरक पडत नाही, कारण पन्हळीवर पन्हळ बसते. पण तुमच्या फोटोतील छप्पर लोखंडी पत्र्याचे आहे हे तुम्ही कशावरून ठरवले? सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांची पन्हळ १४६ मिमीची, म्हणजे पावणेसहा इंचांची असते. जुने लोखंडी पत्रे सडले की नंतरच्या काळात अनेक ठिकाणी सिमेंटचे पत्रे चढवले जात.

ओळखायची खूण अशी : लोखंडी पत्र्याची कड फोटोत रेघेसारखी बारीक दिसते, सिमेंटच्या पत्र्याची कड जाड आणि खालून सावली पाडणारी दिसते. शिवाय सिमेंटच्या पत्र्यांच्या आढ्यावर त्याच जातीचे कोन, म्हणजे दोन उतारांचा सांधा झाकणारे तुकडे, बसवलेले असतात.

बार्शी_लाईट

मामा, भिंग घेऊन पुन्हा पाहिले. कड जाड आहे आणि आढ्यावर कोनही आहेत. ९६ गुणिले १४६, म्हणजे १४ मीटर, सुमारे ४६ फूट. या प्रमाणात १६१ मिमी. आता दार सात फुटांचे येते आणि आजोबा पाच फूट सात इंचांचे. वडील म्हणाले, बरोबर आहे.

गुण्या_ओळंबा

फारच सुरेख. एक सावधगिरी मात्र बाळगा : उंची आजोबांवरून काढू नका, दारावरूनच काढा. ते भिंतीच्या पुढे काही पावलांवर उभे असतील, म्हणजे कॅमेऱ्याच्या जवळ, आणि त्यामुळे भिंतीच्या मानाने थोडे मोठे दिसत असतील. दार भिंतीतच असते. या प्रमाणात एक फूट म्हणजे साडेतीन मिमी; सात फूट गुणिले साडेतीन मिमी, म्हणजे साडेचोवीस मिमी, हे एक माप पक्के धरून बाकीच्या उंच्या त्याच्या प्रमाणात काढा. खिडकीखालच्या दगडांचे थर मोजून ताळा पाहा.

लेसरबुवा

आणि आजोबांचे काय? तयार मिळणारी एचओ माणसे कोट-हॅटमधली असतात.

बार्शी_लाईट

एक जर्मन हमाल मागवला आहे. त्याची हॅट कानशीने घासून टोपी करतो आणि पोटही थोडे कमी करतो. पाच फूट सात इंच म्हणजे साडेएकोणीस मिमी, तो त्या मापात बसतो. माझा प्रश्न आता छपराचा आहे. १.६८ मिमी अंतराच्या पन्हळी कशावर उठवू?

सिग्नल_मामा

हार्डवेअरच्या दुकानातून बारा मिलिमीटरचा साधा आटेदार बोल्ट घ्या. त्याच्या आट्यांमधील अंतर १.७५ मिमी असते. रबरी पायपुसण्यावर जाडसर ॲल्युमिनियमची पन्नी ठेवून तो बोल्ट दाबून एकदाच लाटा, पन्हळी उठतात. आटे मळसूत्री असल्यामुळे रेघा लाटण्याच्या दिशेला सुमारे तीन अंशांनी तिरक्या येतात, म्हणून पन्नी आधी कापू नका. लाटून झाल्यावर गुण्या रेघांना लावून मग कापा. सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे सुटे कापून एकमेकांवर चढवा, सलग छप्पर लावू नका.

काळी_माती

रंग देताना पांढरट करडा, आणि उताराच्या दिशेने शेवाळाचे काळे ओघळ. सिमेंटचा पत्रा गंजत नाही, त्यामुळे तांबूस रंगाची बाटली कपाटात ठेवून कुलूप लावा.

बार्शी_लाईट

बोल्ट आणला, तीन पन्न्या फुकट गेल्या, चौथी जमली. १६१ मिमीमध्ये ९६ ऐवजी ९२ पन्हळी बसतात. चार कमी आहेत, पण कोण मोजणार?

कडक_भाकरी

पत्ता कळवा. भिंग घेऊन येतो.